घरचे मूल

कोकणातील लोकसमजुतीत भुतांचे 'घरचे' आणि 'बाहेरचे' असे दोन मोठे वर्ग मानले जातात. घरचे म्हणजे त्याच कुटुंबातील मृत व्यक्तीचे, जिची काही इच्छा मागे राहिली आहे असे भूत, आणि बाहेरचे म्हणजे पाणवठ्यावर, तिठ्यावर किंवा रानात लागणारे, ज्याचा घराशी कोणताही संबंध नाही असे. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांची १९०९ साली हत्या झाली, त्यानंतर त्यांनी जमवलेल्या लोकसमजुतींच्या टिपणांचे संपादन आर. ई. एन्थोव्हेन यांनी केले आणि त्यांतील कोकणविषयक भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. ही टिपणे मुख्यतः गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेल्या उत्तरांवर आधारलेली आहेत, त्यांत तत्कालीन कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील मास्तरांचाही वाटा आहे, आणि भुतांची ही विभागणी त्यांतही नोंदलेली आहे. मेलेले मूल आईकडे परत येते हा जगभरच्या कथांतील जुना कल्पनाबंध आहे. कल्पनाबंध म्हणजे निरनिराळ्या कथांत पुन्हा पुन्हा येणारा आणि कथेपासून सुटा करूनही ओळखता येणारा घटक. त्याचा विचार करताना शाळामास्तरांनी लिहून ठेवलेली ही विभागणी फार उपयोगी पडते, कारण परत येणारे मूल नेहमीच घरचे असते, आणि बाहेरच्याला लावतात तो न्याय घरच्याला लावता येत नाही.

प्रस्तुत लेखन कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत अनेक वर्षे केलेल्या अभिवाचनाच्या कामातून झाले आहे. अभिवाचन म्हणजे श्रोत्यांसमोर पुस्तक मोठ्याने वाचणे. नाट्यवाचनाप्रमाणे त्यात आवाजाचा अभिनय अपेक्षित नसतो, पण ऐकणाऱ्याला वाचता येत नसले तरी पुस्तक त्याचे व्हावे एवढी अपेक्षा असते. हे काम करणारी स्त्री, जी या लेखाचीही लेखिका आहे, हिचा उल्लेख पुढे 'वाचिका' असा केला आहे. पत्र्याच्या पेटीत तीस-चाळीस पुस्तके घालून ती नेरळ, कशेळे, खांडस, चौक या बाजूंच्या गावांत आणि वाड्यांवर जाते, आणि कोणाच्या तरी पडवीत किंवा समाजमंदिरात बायका जमतात. श्रोत्यांत कुणबी आणि आगरी असतात, ठाकर आणि कातकरी असतात. पुस्तकाची प्रमाण मराठी प्रत्येकीच्या बोलीपासून थोडी दूर पडते, त्यामुळे वाचता वाचता थांबून शब्द बदलावे लागतात. कामाचे दिवसही भाताच्या शेतीने ठरवलेले आहेत. लावणीच्या दिवसांत कोणाला बसायला वेळ नसतो, आणि दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून गेली की वाड्या उन्हाळा सरेपर्यंत रिकाम्या राहतात. म्हणून भाद्रपद ते कार्तिक हाच वाचनाचा खरा हंगाम ठरतो.

सुरुवातीच्या वर्षांत वाचिकेने भुताच्या कथा केवळ करमणूक म्हणून निवडल्या, हे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. नारायण धारप यांची भयकथा आणि रत्नाकर मतकरी यांची गूढकथा या दोन्ही परंपरा मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेल्या आहेत, अंधारात बसून अशा कथा ऐकताना श्रोते रंगतात, आणि नव्या ठिकाणी बैठक जमवायची तर भुताइतके खात्रीचे साधन दुसरे नसते. परत येणाऱ्या मुलाची एक कथा अशाच एका बैठकीत वाचली जात असताना पुढे बसलेली एक बाई सुपात तांदूळ निवडत होती. कथेतील मूल रात्री दाराशी येऊन आईला हाक मारते त्या वाक्याला तिची बोटे थांबली. तिने हातातले खडे सुपातच टाकले, म्हणजे निवडलेले पुन्हा मिसळले, आणि सूप उचलून ती आत गेली. वाचिकेला हा परिणाम कथेचे यश वाटला. बैठक संपल्यावर शेजारणीने सांगितले की तिचे पाच महिन्यांचे मूल श्रावणात गेले होते. त्यानंतर ती बाई त्या हंगामात पुन्हा बैठकीला आली नाही, आणि तिच्या घरी जाऊन काय बोलावे हे वाचिकेला त्या वेळी सुचले नाही, म्हणून ती गेलीही नाही. या कामात झालेल्या चुकांपैकी हीच चूक सर्वांत जड वाटते.

या प्रसंगानंतर एक प्रश्न मनात राहिला आणि पुढील वाचनाला त्यानेच दिशा दिली: परत येणारे मूल नेमके कशासाठी येते? धर्मशास्त्रात त्याचे अर्धे उत्तर सापडते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायानुसार दोन वर्षांच्या आतील मृत बालकाला अग्नी द्यायचा नसतो, उदकक्रिया म्हणजे मृतासाठी पाणी सोडण्याचा विधीही करायचा नसतो, त्याला गावाबाहेर शुद्ध जमिनीत ठेवायचे असते. दात आले असतील किंवा नाव ठेवले गेले असेल तर मात्र पाणी देण्याची मुभा आहे. लहान मुलांना पुरण्याची चाल आजही अनेक ठिकाणी आहे. तान्ह्या मुलाचे श्राद्ध होत नाही, त्यामुळे पितृपक्षात घरातील सर्व मृतांची आठवण निघते तेव्हाही ते पानावर नसते, आणि बारशापूर्वी गेलेल्या मुलाला तर हाक मारायला नावही नसते. या नियमामागे शोकाचा काळ लहान ठेवण्याची दयाबुद्धी असू शकेल. पण आईच्या बाजूने पाहिले तर ज्याला तिने नऊ महिने पोटात वागवले त्याच्यासाठी करायला काहीही उरत नाही. खांडसच्या बाजूच्या एका वृद्धेने सांगितले की तिला करता आले ते एवढेच की पुरल्या जागेवर दगड रचायचे आणि कोल्हे उकरू नयेत म्हणून बोरीच्या काट्या घालायच्या, आणि त्या काट्या वाऱ्याने हलल्या की पुन्हा नीट करायला ती पावसाळाभर जात राहिली. विधीत ज्या मुलाला जागा मिळाली नाही त्याला कथेने जागा दिली, आणि ते परत येते ते तीच जागा मागण्यासाठी, या निष्कर्षापर्यंत वाचिका अशा बोलण्यांतून आली.

या कल्पनाबंधावरील जगातील सर्वांत समर्थ कादंबरी म्हणजे टोनी मॉरिसन यांची १९८७ सालची 'बिलव्हेड'. या शब्दाचा अर्थ लाडकी, प्रिय असा आहे. तिच्या मागे एक खरी घटना आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात गुलाम असलेली मार्गारेट गार्नर ही स्त्री १८५६ च्या जानेवारीत कुटुंबासह गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली, आणि पकडणारे दाराशी आले तेव्हा मुलांना पुन्हा गुलामगिरीत जाऊ द्यायचे नाही म्हणून तिने आपल्या लहान मुलीचा जीव घेतला. मॉरिसन यांना या घटनेचे वृत्तपत्रीय कात्रण एका संकलनाचे काम करताना मिळाले आणि पुढे त्यावर त्यांनी ही कादंबरी उभी केली. १९८८ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९९३ मध्ये लेखिकेला नोबेल. कादंबरीतील सेथ या आईच्या घरात मारलेल्या मुलीचे भूत आधी अदृश्यपणे वावरते, आणि नंतर एक तरुणी म्हणून, मुलगी जगली असती तर जेवढी झाली असती त्या वयाची होऊन, दाराशी येऊन बसते.

मूळ इंग्रजी पुस्तक पडवीत वाचून दाखवणे शक्य नव्हते. म्हणून वाचिकेने एका वहीत त्याचा कथाभाग आपल्या मराठीत उतरवला आणि तीन संध्याकाळी मिळून तो सांगितला. गुलामगिरी समजावून सांगायला फार वेळ लागेल असा तिचा अंदाज होता, तो पूर्णपणे चुकला. उचल घेऊन भट्टीवर गेलेल्या आणि हिशेब फिटेपर्यंत परतू न शकलेल्या बायकांना दुसऱ्याच्या मालकीचे अंग म्हणजे काय हे सांगावे लागले नाही. त्या थांबल्या त्या दुधापाशी. सेथ गरोदर असताना मालकाच्या घरचे तरुण तिला धरून तिचे दूध काढून घेतात, आणि फटक्यांपेक्षाही ते दूध नेल्याचे दुःख ती जन्मभर सांगत राहते, हा भाग ऐकून पडवीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने सांगितले की मूल गेल्यावरही तिचे दूध कितीतरी दिवस येत होते, चोळी भिजत होती, शेजारच्या घरातले मूल रडले तरी पान्हा फुटत होता, आणि सासूने मोगऱ्याची फुले छातीला बांधून ते आटवले. प्रसूतीनंतर दूध येते ते शरीरातील संप्रेरकांच्या बदलामुळे. मूल जिवंत आहे की नाही याचा त्या प्रक्रियेशी संबंध नसतो, आणि दूध ओढले गेले नाही की ते हळूहळू थांबते. शरीरशास्त्राचा हा भाग वाचिकेला माहीत होता, पण त्या संध्याकाळपर्यंत तिने तो भुताच्या कथेशी जोडून पाहिला नव्हता. मूल गेल्याची बातमी शरीराला उशिरा पोचते, आणि त्या मधल्या दिवसांत आई ज्या अवस्थेत असते तिला झपाटलेपण याहून नेमका शब्द क्वचितच सापडेल.

दुधाचा हाच धागा भागवतातही आहे. दशम स्कंधाच्या पंच्याऐंशीव्या अध्यायात देवकी कृष्णाजवळ कंसाने मारलेले आपले सहा पुत्र मागते. कृष्ण-बलराम त्यांना सुतल या पाताळातून आणतात, ती त्यांना मांडीवर घेऊन पाजते आणि नंतर ते सर्वांदेखत स्वर्गाला जातात. महाभारताच्या आश्रमवासिक पर्वातील पुत्रदर्शन हा भाग याच जातीचा आहे: युद्धानंतर कित्येक वर्षांनी व्यास गंगेतून सर्व मृत योद्ध्यांना एका रात्रीपुरते वर आणतात, गांधारीला आपले शंभर पुत्र आणि कुंतीला कर्ण दिसतो, आणि पहाटे सगळे पाण्यात परत जातात. भारतीय परंपरेतील हे परत येणे मुदतीचे आहे, त्याला कोणा वडीलधाऱ्याचे साक्षित्व आहे, आणि दोन्हीकडे निरोप नीट घेतला जातो. मॉरिसन यांच्या कादंबरीतील मुलीला मुदत माहीत नाही, ती आईचे अन्न, झोप आणि बोलणे संपवीत राहते. वाचिकेने हे अंतर मोठ्या समाधानाने श्रोत्यांपुढे मांडले होते, कारण त्यातून आपली परंपरा अधिक शहाणी ठरत होती. चिलया बाळाची कथा तर सर्वांना तोंडपाठ होती. श्रीधरांनी १७१८ साली पूर्ण केलेल्या 'शिवलीलामृता'च्या शेवटच्या अध्यायात ती येते: अतिथीच्या रूपात आलेल्या शंकराच्या मागणीवरून चांगुणा आपल्या मुलाचे मस्तक उखळात कांडते, आणि शेवटी तिने हाक मारल्यावर चिलया धावत येतो. तेव्हा एका वयस्क श्रोतीने विचारले की चांगुणेचा देवाने दिला, देवकीचे देवाने आणले, पण जिच्याकडे देव आला नाही तिने हाक कोणाला मारायची? या प्रश्नाला उत्तर नव्हते. मागून विचार केला तेव्हा लक्षात आले की 'बिलव्हेड' ही जिच्याकडे देव आला नाही अशा आईची कथा आहे, आणि म्हणून ती पुराणकथेहून कमी शहाणी मानण्याचा अधिकार कोणालाही नाही.

अशा कथांचा एक धोका मात्र प्रत्यक्ष कामात वारंवार दिसतो, तो म्हणजे आईला दोषी ठरवण्याचा. मूल दगावले की 'हिला काहीतरी आहे', 'हिच्या मागे पहिले पोर लागले आहे' असे बोलले जाते, भगताला म्हणजे भूतबाधा उतरवणाऱ्या जाणत्याला बोलावले जाते, आणि शोक करणारी बाई संशयित होते. एका गावात वाचलेल्या कथेचा हवाला देऊन एका सुनेला बोलल्याचे वाचिकेच्या कानावर आले, तेव्हा तिने दुसऱ्या दिवशी त्याच पडवीत बसून कथा आणि घडलेली गोष्ट यांतील फरक पुन्हा सांगितला. तो किती पोचला हे सांगता येत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण किंवा छळ करणे हा त्याखाली गुन्हा आहे, पण कुजबुजीवर कायदा चालत नाही. जुन्या चालीरीतींत याहून मायेचा एक मार्ग होता. ज्या घरात मुले जगत नसत तिथे नव्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरबा किंवा भिकू असे ठेवीत, म्हणजे ते कोणाला हवेसे वाटू नये आणि मृत्यूची नजर त्याच्यावरून घसरून जावी. पश्चिम आफ्रिकेतील इग्बो लोकांत वारंवार मरून त्याच आईच्या पोटी येणाऱ्या मुलाला 'ओग्बांजे' म्हणतात, आणि चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत एझिन्मा या मुलीला या जगाशी बांधून ठेवण्यासाठी तिने पुरलेला मानलेला खडा जमिनीतून उकरून काढतात. खडा उकरणे काय किंवा धोंडू म्हणणे काय, दोन्हींत मुलाला धरून ठेवण्याची धडपड आहे आणि आईवर आरोप नाही. अलीकडच्या मराठी चित्रपटांपैकी विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो, कारण उसाच्या फडात दिसणाऱ्या मुलांच्या भुतांमागे मुलगी नको म्हणून केलेल्या हत्या आहेत आणि दोष घराण्याच्या हव्यासावर ठेवलेला आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत, पावसात आणि चिखलात हातांनी शोध घ्यावा लागला, आणि २३ जुलैला तो थांबवण्यात आला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. त्या पावसाळ्यात वाचिकेने पेटी उघडली नाही. आश्रमशाळेत असल्यामुळे वाडीतील काही मुले वाचली, आणि ज्या घटनेवर इतकी वर्षे पुस्तकांतून विचार केला होता ती इथे उलटी होऊन समोर आली: मुले मागे राहिली होती आणि आया गेल्या होत्या. या अनुभवासमोर कोणतीही कथा ठेवणे तिला शक्य वाटले नाही, आणि आजही त्या कुटुंबांसमोर तिने अशी कथा वाचलेली नाही. देह न सापडता निरोप घ्यावा लागणे म्हणजे काय याविषयी बोलण्याचा हक्क ज्यांच्यावर ते आले त्यांचाच आहे, असे तिचे मत आहे.

परत येणाऱ्या मुलाची कथा पुन्हा वाचावी की कायमची बाजूला ठेवावी याचा निर्णय अखेर श्रोत्यांनी केला. दुसऱ्या वर्षी कर्जत तालुक्यातील एका वाडीत नवरात्राच्या सुमारास बायकांनी स्वतःहून 'त्या दुधाच्या बाईची' गोष्ट मागितली. तेव्हापासून काही गोष्टी पाळल्या जातात: बैठकीपूर्वी गावातल्या एखाद्या जाणत्या बाईकडून कोणाच्या घरी काय घडले आहे ते समजून घेतले जाते, कथा कोणती आहे हे आधी सांगितले जाते, ज्यांना ऐकायचे नसेल त्यांना उठता यावे म्हणून दाराकडची जागा मोकळी ठेवली जाते, आणि रात्री उशिरा ही कथा वाचली जात नाही. सुपासह आत गेलेली ती बाईही पुढे एकदा भेटली. वाचिकेने झाल्या गोष्टीची क्षमा मागितली, तेव्हा ती म्हणाली की कथा खोटी नव्हती, फक्त तिला आधी कोणी विचारले नव्हते.

कादंबरीच्या शेवटाकडे वस्तीतल्या बायका, ज्यांनी कित्येक वर्षे सेथकडे पाठ फिरवली होती, तिच्या घरासमोर जमतात, आधी प्रार्थना करतात आणि मग एकत्र आवाज काढतात, आणि ती मुलगी नाहीशी होते. तिथे भगत नाही, धूप नाही, जमलेल्या बायका आहेत. वाचिकेला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटत होता आणि तो ती सावकाश सांगत असे. पण त्या वाडीत कथा संपल्यावर पहिला प्रश्न आला तो वेगळाच: "ताई, पोरीचं खरं नाव काय होतं?" कादंबरीत ते नाव कुठेही दिलेले नाही, थडग्याच्या दगडावर 'बिलव्हेड' हा एकच शब्द आहे, आणि तो कोरून घेण्यासाठीही आईला आपल्या शरीराची किंमत मोजावी लागली आहे, तिथे दुसरा शब्द कोरून घेणे तिला शक्य झाले नाही. हे सांगितल्यावर थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या एकीने आपल्या गेलेल्या मुलाचे नाव उच्चारले, नंतर दुसरीने आपल्या मुलीचे. तेव्हापासून ही कथा जिथे वाचली जाते तिथे शेवटी नावे सांगण्यासाठी वेळ ठेवला जातो, आणि ज्यांची इच्छा असते त्यांच्या मुलांची नावे त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतली जातात. ती पाने वाचून दाखवली जात नाहीत. काही ओळींवर नाव नाही, फक्त महिना आहे, श्रावण, कार्तिक, मार्गशीर्ष. आणि दोन ठिकाणी आईच्या सांगण्यावरून 'मुलगी' एवढेच लिहिले आहे.